वहीच्या शेवटच्या पानावरचा कॉम्प्युटर

आमच्या लातूरच्या बिऱ्हाडात उजाडायचं ते कुकरच्या शिट्टीनं. तीन मजल्यांवर मिळून नऊ खोल्या, आणि प्रत्येक खोलीत एक आई आणि एक मूल. बाप गावाकडे, कुणी नोकरीवर, कुणी शेतात. क्लास सातला सुरू व्हायचा, म्हणून साडेपाचला नऊही कुकर मागंपुढं ओरडायला लागायचे. जिन्यात वरणाचा, फोडणीचा आणि ओल्या फरशीचा मिळून एक वास भरायचा. आजही कुठं तूरडाळ शिजत असली की वाटतं, आज टेस्ट आहे. आई सकाळी बहुतेक सुशीला करायची, भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा, वर शेंगदाण्याचा कूट घालून. मी तो उभ्यानंच खायची आणि त्याच वेळी भिंतीवरचं वेळापत्रक वाचायची. वेळापत्रक पप्पांच्या अक्षरातलं होतं. त्यात झोपेला सहा तास होते आणि जेवणाला वीस मिनिटं.

पप्पा नांदेडला सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन होते. रक्त, लघवी, थुंकी तपासून रिपोर्ट लिहायचे आणि डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवायचे. आमच्या घराण्यात पगाराची नोकरी करणारे ते पहिले. रेणापूरकडच्या आमच्या गावात आजोबांनी दुसऱ्यांच्या रानात मजुरी केली होती, आणि तिथून दवाखान्यातल्या त्या खुर्चीपर्यंत पप्पा एकट्याच्या बळावर आले होते. डॉक्टरांच्या टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत मी बसावं, एवढंच त्यांना हवं होतं. हे त्यांनी कधी ओरडून सांगितलं नाही. ओरडले असते तर मला भांडता तरी आलं असतं. दर रविवारी सकाळच्या गाडीनं ते लातूरला यायचे, दोन तास बसायचे, माझे टेस्टचे मार्क एका वहीत उतरवून घ्यायचे, "वाढून राहिलेत, वाढून राहिलेत," असं म्हणायचे आणि दुपारच्या गाडीनं परत जायचे. मार्क वाढत नव्हते. ते मला माहीत होतं, आईला माहीत होतं, आणि आता वाटतं, त्यांनाही माहीत होतं.

पहिल्या वर्षी मेडिकल हुकलं. मग मी रिपीटर झाले. लातुरात हा शब्द आडनावासारखा लागायचा. दुकानात पेन घ्यायला गेलं तरी दुकानदार विचारायचा, "फ्रेशर का रिपीटर?" घरमालकीण काकू रात्री आठला खालच्या गेटला कुलूप लावायच्या. माझ्याकडं फोन नव्हता. आईकडं एक साधा होता, त्यावर पप्पांचा आणि क्लासचा असे दोनच नंबर यायचे. क्लास, खोली, क्लास, खोली. तीन गल्ल्यांचं जग. त्यात मी वर्षातले तीनशे दिवस काय घालायचं, काय खायचं, कुठल्या पानावर असायचं हे दुसऱ्यानं ठरवलेलं जगत होते, आणि मला त्याचा राग येत नव्हता, हे आज आठवलं की भीती वाटते. राग यायलासुद्धा थोडी मोकळी जागा लागते.

ती जागा मला जीवशास्त्राच्या वहीच्या शेवटच्या पानावर सापडली.

दहावीच्या सुट्टीत मी पुण्याला मामाकडे आठ दिवस होते. मामेभावाकडं गेमिंगचा कॉम्प्युटर होता. तो झोपला की मी त्याच्या खुर्चीत बसायची. त्यातल्या एका गेममध्ये मोठं माळरान होतं, डोंगर होते, नदी होती, आणि लढायचं सोडून तुम्ही नुसते चालत सुटलात तरी कुणी अडवत नसे. ते आठ दिवस माझ्या मनातून गेले नाहीत. रिपीटरच्या वर्षी क्लासजवळच्या रद्दीवाल्याकडं कॉम्प्युटरची जुनी मासिकं दिसली. शेवटच्या पानांवर सुट्या भागांचे भाव छापलेले असायचे. वजनावर मिळायची, मी दोन घेतली, आणि रसायनशास्त्राच्या पुस्तकात घालून वाचायला लागले. मग यादी सुरू झाली. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस, कॅबिनेट, मॉनिटर. खाली बेरीज. सव्वीस हजारांच्या वर जायचं नाही, असं मी स्वतःलाच बजावलं होतं. सव्वीस हजार माझ्याकडं नव्हते. सव्वीससुद्धा नव्हते. पण मर्यादा नसली तर निवडण्यात अर्थ नसतो, एवढं मला कळत होतं. कार्ड भारी घेतलं की त्याला वीज जास्त लागते, म्हणजे एसएमपीएस बदला. एसएमपीएसमध्ये पैसे गेले की प्रोसेसर खाली आणा. प्रोसेसर हलका पडला तर भारी कार्ड नुसतं बसून राहणार. एक खोडलं की चार बदलायचे. मी खोडत बसायची, पुन्हा लिहायची. दिवसभरात तेवढीच वीस मिनिटं असायची ज्यांत काहीतरी मी ठरवत होते.

आईनं ते पान पाहिलं ते एका दुपारी. मी क्लासहून आले तर आईच्या शिवणयंत्राच्या फळीवर माझी वही उघडी आणि आई चष्मा लावून वाचत बसलेली. मी दारातच थबकले.

"हे काय लिहून राहिलीस?"

"काही न्हाई. असंच."

"असंच कसं? पान भरलंय सगळं. हे एसएमपीएस काय असतंय?"

मला खोटं सुचलं नाही. म्हणाले, "विजेचा डबा. घरातली वीज घेऊन आतल्या भागांना वाटून देतो."

"अन् हे कार्ड?"

"चित्र काढतं. सगळ्यात महाग तेच."

आईनं पुन्हा पानाकडं पाहिलं. "मग विजेचा डबा येवढा स्वस्तातला का धरलास? मोठं पातेलं अन् बारकी शेगडी, असं झालं न्हवं का हे?"

बारावीपर्यंत शिकलेल्या माझ्या आईनं पाच मिनिटांत ती चूक काढली होती जी मी नियम माहीत असूनही तीन आठवडे करत होते.

ती रागावली नाही. वही मिटून तिनं माझ्या हातात दिली आणि यंत्रावर बसली. आज मी जवळपास तिच्या तेव्हाच्या वयाची आहे, आणि आता मला तो दिवस तिच्या बाजूनं दिसतो. मी निदान क्लासला तरी जायची. ती सकाळी डबा भरून दिल्यापासून मी परत येईपर्यंत त्या खोलीत एकटी असायची. नांदेडला तिची चार घरची बोलणीचालणी होती, वस्तीतल्या विहारात तिचं महिला मंडळ होतं, दारातली जास्वंद होती. लातुरात तिला मी होते, आणि मी पुस्तकात. म्हणून तिनं शिवणयंत्र मागवून घेतलं होतं. इमारतीतल्या बायकांच्या साड्यांना फॉल-पिको करून द्यायची, मग आजूबाजूच्या इमारतींतूनही साड्या यायला लागल्या. त्या पैशाचं तिनं काय केलं हे मी कधी विचारलंच नव्हतं.

त्यानंतर आमचं दोघींचं एक गुपित झालं. रात्रीच्या भाकरी थापताना ती विचारायची, "आज काय खोडलं?" मी सांगायची. लोडशेडिंगमध्ये मेणबत्ती लावून आम्ही मॉनिटर नवा घ्यायचा की जुना यावर भांडलो आहोत. आई म्हणायची, "डोळ्याची वस्तू जुनी घेऊ नये." मी म्हणायची, "मग कार्ड हिशोबात बसत नाही." मासिकातल्या जाहिरातीत नांदेडच्या एका दुकानाचा नंबर होता. आईनं पप्पांना कळू न देता तो लावला. पलीकडून दुकानाचे मालक काझीभाई बोलले, आणि मी त्यांना यादी वाचून दाखवली. त्यांचा आवाज खोल आणि बोलणं संथ. "बेटी, लिस्ट अच्छी बनाई तुमने. पण मासिकातले भाव वर्षभरापूर्वीचे हायत." आईनं फोन माझ्या हातातून घेतला. "भाईसाब, आजचे भाव सांगा. मी लिहून घेते." आणि तिनं लिहून घेतले, माझ्याहून सुवाच्य अक्षरात.

थंडी संपता संपता एके दिवशी तिनं पिठाच्या डब्यामागून एक कापडी पिशवी काढली. "चोवीस हजार हायत," ती म्हणाली. "तुझी परीक्षा झाली की दुसऱ्या दिवशी जाऊ."

"पप्पा?"

"ते मी बघते."

आईनं हे का केलं, हे मी तिला पुढं एकदा विचारलं. ती म्हणाली, "दोन वर्षांत तू एकच गोष्ट डोळे चमकावून बोललीस. मला दुसरं काय दिसत होतं तिथं?"

परीक्षा झाली. पेपर कसा गेला हे मला हॉलमध्येच कळलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही नांदेडला निघालो. पप्पा दुपारी ड्युटीवर असणार होते. अहमदपूर, लोहा मागं पडलं, आणि खिडकीत बसून मी यादी पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

काझीभाई पांढऱ्या दाढीचे, उंच, एका कानानं कमी ऐकणारे. नवं कार्ड आमच्या हिशोबाच्या बाहेर गेलं होतं. त्यांनी दोन पर्याय काउंटरवर ठेवले. एक नवं पण हलकं. दुसरं वापरलेलं, एका बंद पडलेल्या गेम पार्लरमधलं, पण माझ्या यादीतलं, त्याच नावाचं. मी त्या दुसऱ्याकडं बघत होते आणि मला निवडता येत नव्हतं. इतके महिने कागदावर मी सरसर निवडलं होतं, आणि खरी वस्तू समोर आल्यावर अडले. ठरवून बोलायची माझी सवयच गेली होती. मी आईकडं पाहिलं.

"माझ्याकडं बघू नको," आई म्हणाली. "तुझं हाय. तू सांग."

दुकानात पंखा फिरत होता, मागं कुणीतरी प्रिंटर तपासत होतं. मी म्हणाले, "वापरलेलं. पण अर्धा तास चालवून दाखवा."

काझीभाई हसले. "हे बोललीस ना, आता शोभलं." त्यांनी सगळे भाग टेबलावर उघडेच जोडले, कार्डावर गेम चालवला आणि घड्याळ लावलं. अर्ध्या तासानं त्यांनी कार्ड काढून दिलं तर आईनं ते नाकाशी नेलं. "जळका वास न्हाई," ती म्हणाली. मग किमतीवरून तिनं त्यांना असं काही धरलं की शेवटी ते म्हणाले, "ताई, आप दुकान संभालो, मैं घर जाता हूँ." जोडणी करून देऊ का विचारलं, तेव्हा मी नको म्हणाले. ती मला करायची होती. हार्ड डिस्कवर त्यांनी लागेल ते सगळं टाकून दिलं, माझ्या आवडीचा तो गेमही, आणि सगळे भाग पुन्हा आपापल्या खोक्यांत भरले. रिक्षात मी मॉनिटर मांडीवर घेऊन बसले होते, सतरा इंची, जुना. त्या वादात मी जिंकले होते.

पप्पा त्या दिवशी लवकर घरी आले. खोकी ओळीनं पलंगावर मांडलेली होती. त्यांनी चपला काढल्या, खोक्यांवरचं वाचलं, एकेक.

"हे कशासाठी?"

पलंगावरची पावती त्यांनी उचलून पाहिली.

"कुणाच्या पैशानं?"

"माझ्या," आई म्हणाली. "फॉल-पिकोच्या."

मला वाटलं, आता ओरडतील. ते ओरडले नाहीत. स्टूल घेतलं आणि एकेक खोकं उचलून माळ्यावर ठेवलं, अगदी हळू, दवाखान्यातल्या काचेच्या नळ्या ठेवल्यासारखं. "निकाल लागू द्या," ते म्हणाले. "नंबर लागला की मीच काढून देतो." तेवढ्यानं तो कॉम्प्युटर माझा राहिला नाही. तोही वेळापत्रकात जाऊन बसला.

निकाल लागला आणि माझा नंबर लागला नाही. पहिल्या वर्षापेक्षा अकरा मार्क कमी. पप्पा दोन दिवस जेवले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आणखी एक वर्ष. क्लासवाल्यांशी बोललो मी. खोलीचं भाडंबी चालूच ठेवलंय." मी हो म्हणाले. लगेच. ते हो माझ्या तोंडातून किती सहज निघालं! त्या रात्री मी बॅग भरली, वह्या नव्या, शेवटची पानं कोरी. माळ्याकडं मी बघत नव्हते.

निघायच्या सकाळी पप्पा गाडीची वेळ बघून आले तर आई जास्वंदीला पाणी घालत होती. तिची पिशवी भरलेली नव्हती.

"अगं आवर की. साडेनवाची गाडी हाय."

"मी येत न्हाई," आई म्हणाली.

"म्हंजी?"

"दोन वर्षं झाली मला त्या खोलीत. आता न्हाई होत."

"अन् पोरीनं एकटीनं राहावं?"

"तिनं काय करावं ते तिला विचारा." आईनं तांब्या खाली ठेवला आणि माझ्याकडं वळली. "संघा, मी माझं बोलले. तुझं मी बोलणार न्हाई."

मी बॅगेचा पट्टा धरून उंबऱ्यात उभी होते. पप्पा माझ्याकडं बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर सोपं गेलं असतं. पण ते घाबरले होते. मी काय बोलणार याची त्यांना भीती वाटत होती, आणि ती मला दिसत होती. मी पट्टा हातातून सोडला.

"मला जायचं नाही, पप्पा. मला डॉक्टर होता येणार नाही. मला ते येत नाही."

पप्पा ड्युटीवर गेले. त्यानंतर तीन आठवडे आमच्या घरात फक्त भांडी बोलत होती. ते ताट वाढून घ्यायचे, खायचे, ताट धुवून ठेवायचे. मला वाटायचं, लातूर बरं होतं. तिथं निदान कोंडणारा दुसरा कुणी होता. इथं हे सगळं मीच केलं होतं.

महिना संपताना खोली रिकामी करायची वेळ आली. पप्पांनी रजा टाकली आणि म्हणाले, "चल." आम्ही पोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते, उन्हाळा अजून सरला नव्हता, वीज गेलेली. मी खाली काकूंकडं हिशोबाला आणि किल्लीच्या बोलण्याला गेले. काकूंनी सरबत दिलं, जुन्या मुलींच्या गोष्टी सांगितल्या, तासभर गेला. वर आले तर दार आतून लोटलेलं. ढकललं. पप्पा आईच्या जागी, शिवणयंत्रासमोरच्या स्टुलावर बसले होते. शर्ट पाठीला चिकटला होता. ते इथं नेहमी रविवारी यायचे, सकाळी, दोन तास, मी घरात असताना. कामाच्या दिवशीची दुपार त्यांनी त्या खोलीत कधी पाहिली नव्हती.

"ती दिवसभर इथंच असायची?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कुठं जायची न्हाई?"

"कुठं जाणार? बायका साडीपुरत्या यायच्या, जवळचं कुणी नव्हतं."

ते थोडा वेळ यंत्राच्या चाकावर हात ठेवून बसले. मग उठले. टेम्पोवाला यंत्र उचलायला आला तर त्याला म्हणाले, "तू बाकीचं घे." तीन मजले ते लोखंडी यंत्र त्यांनी एकट्यानं खाली नेलं, प्रत्येक वळणावर थांबत, श्वास घेत. मी मागून दिवा, बादली आणि वेळापत्रकाचा कागद घेऊन उतरत होते. तो कागद त्यांनी माझ्या हातातून घेतला आणि घडी करून खिशात ठेवला. फाडला नाही. त्याबद्दल आम्ही पुढं कधीच बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी ड्युटीहून आल्यावर त्यांनी स्टूल माळ्याखाली ओढलं आणि खोकी उतरवून दिली. "जोड," म्हणाले आणि हात धुवायला गेले. मी फरशीवर बसून जोडायला लागले. मासिकातली चित्रं पाठ होती. बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा काळाच. पुन्हा दाबलं. काळाच. आई म्हणाली, "फसवलं की काय त्या भाईनं?" माझे डोळे भरून आले. पप्पा टॉवेलनं हात पुसत मागं येऊन उभे होते, किती वेळ ते माहीत नाही.

"एकदम सगळं बघू नको," ते म्हणाले. "एकेक काढ, पुस, पुन्हा बसव. लॅबमध्ये रिपोर्ट चुकला की आम्ही तसंच करतो." आणि ते माझ्या शेजारी मांडी घालून बसले, बॅटरी धरून. तिसऱ्या खेपेला रॅमची पट्टी काढली तर ती एका बाजूनं नीट बसलीच नव्हती. मी अंगठ्यानं दाबली. टक् झालं. बटण दाबल्यावर एक बारीक शिट्टी वाजली आणि पडद्यावर अक्षरं आली.

पुढं मी नांदेडलाच बी.एस्सी. केलं. आता एका कंपनीत सर्व्हरचं काम करते. पप्पा रिटायर झाले. लोकांना माझ्याबद्दल सांगताना अजूनही आधी थोडं थांबतात. तेवढं दुःख मी त्यांना दिलं आहे आणि ते पूर्ण गेलेलं नाही.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. गेम सुरू झाला, माळरान आलं, आणि मी खुर्ची ओढली तर आई म्हणाली, "थांब. मला दे आधी." माऊसनं वळायचं कसं ते मी तिला दाखवलं, आणि पुढं जायचं बटण. तिनं एक बोट त्यावर ठेवलं ते उचललंच नाही. शत्रू आले, ती बाजूनं निघून गेली. नदी आली, ती काठानं चालत राहिली. अर्धा तास, पाऊण तास, नुसती चालत. पप्पांनी विचारलं, "अगं, कुठं चाललीस?"

"बघू की," आई पडद्यावरून डोळे न काढता म्हणाली. "रस्ता हाय तवर जाते."

पप्पा स्वयंपाकघरात गेले. आईनं परत आल्यावर फळ्या पुन्हा लावल्या होत्या, साखरेचा डबा आता कुठल्या फळीवर असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. झाकणांचे आवाज येत राहिले. आईनं हाक मारली नाही, मीही उठले नाही. त्या दिवशी आमच्या घरी चहा पप्पांनी केला, आणि तो फार गोड झाला होता.